भिंत तपासायची कोणी?

३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्या भागात कोण विसरेल? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून गावं निजली होती. चारच्या सुमारास किल्लारी-उमरग्याकडची धरणी हादरली, आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली.

पण माणसे मारली ती धरणीने की घरांनी? भिंती हातभर रुंद, पण दगड नुसत्या मातीत रचलेले. वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार वाटणारे घर त्या रात्री अंगावर आले. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा मुलूख तेव्हा सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

मग १९९४मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचे मोठे काम निघाले. बावन्न गावे नव्या जागी गेली. इतर गावांत लाखाहून अधिक घरे जागच्या जागी मजबूत करायची ठरली. माळवदावरची माती उतरवायची, भिंतीत आरपार दगड बसवायचे, खांब-तुळया नीट जखडायच्या. आता अडचण पाहा. एकदा गिलावा झाला की आत तो आरपार दगड आहे की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही! अभियंता एक, गावे कितीतरी. मग बघायचे कोणी?

इथे एक नवी गोष्ट घडली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने हजाराहून अधिक गावांत बायकांना 'संवाद सहायक' नेमले. योजना घरोघर समजावणे, काम चालू असताना भिंतीपाशी उभे राहणे, अडले तर अभियंत्याला विचारणे, हे त्यांचे काम. तुम्ही म्हणाल, योजनेनेच नेमलेली बाई स्वतंत्र कशी? शंका रास्त आहे. पण तिला निजायचे होते त्याच गावात, तसल्याच माळवदाखाली. कच्चे काम पक्के म्हणून तिला परवडणार नव्हते. पुढे २००१च्या भूकंपानंतर याच भागातल्या बाया कच्छला गेल्या आणि आपला अनुभव तिथल्या बहिणींना सांगून आल्या.

२००२मध्ये नकाशा बदलला. लातूर तिसऱ्या पट्ट्यात आले. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा आणि त्याची दरसाल उजळणी बंधनकारक केली. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे आराखडा करणारे तेच आणि उजळणी करणारेही तेच! स्वतःच पेपर लिहून स्वतःच गुण द्यायचे, हे गुरुजी तुम्ही वर्गात चालू द्याल का?

२१ मार्च २०२४ला हिंगोलीकडे धरणी हलली आणि नांदेडपर्यंत लोक घराबाहेर आले. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एवढेच विचारा: आमच्या शाळेची भिंत कोणी तपासली, कधी, आणि काय निघाले? उत्तर मिळाले तर वहीत लिहून ठेवा. नाही मिळाले, तर तेही तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी तीच वही उघडून पुन्हा विचारता येईल.