१७७७ की १७८१?

अमेरिकेचा पहिला राज्यकरार, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’. टिपणात त्याचं वर्ष कोणतं लिहाल?

जॉन डिकिन्सन यांच्या हातचा मसुदा काँग्रेससमोर आला १२ जुलै १७७६ ला. राज्यांच्या पश्चिम सीमा ठरवायचा अधिकार त्यात काँग्रेसकडे होता. १५ नोव्हेंबर १७७७ ला मंजूर झालेल्या मसुद्यात तो नाही. कारण व्हर्जिनियासारख्या राज्यांचा पश्चिमेकडच्या अफाट जमिनींवर दावा होता.

पुढे तेराही राज्यांची संमती लागणार होती. बारा तयार झाली; मेरीलँड अडून बसलं. त्याचा असा दावा नव्हता. शेजारी जमिनी विकून कर कमी ठेवतील आणि आपली माणसं तिकडे जातील, ही त्याची भीती. पण एवढ्यावर थांबू नका. मेरीलँडच्या काही पुढाऱ्यांचे पैसे त्याच भागातल्या जमीन कंपन्यांत अडकले होते!

जानेवारी १७८१ मध्ये व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या वायव्येकडची जमीन सोडायची तयारी दाखवली. त्यात चेसापीक उपसागरात ब्रिटिशांचे हल्ले, आणि मेरीलँडला हवी फ्रेंच आरमाराची मदत. अखेर १ मार्च १७८१ ला करार लागू झाला.

तेव्हा दोन्ही वर्षं लिहा, आणि प्रश्न मधल्या सव्वातीन वर्षांवर बेतून बघा. दोन मसुदे शेजारी ठेवा, काय गळलं ते टिपा. मग अडणाऱ्याने सांगितलेलं कारण आणि त्याचा हितसंबंध, दोन्ही वेगवेगळे तपासा.