दोन कान, एक यंत्र

१/ लक्ष्मी रस्त्याच्या गजबजाटात मागून आलेली हाक कोणत्या बाजूची, हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. जवळच्या कानी आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ आधी पोहोचतो. तेवढा फरक पुरतो. १९०७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी हे तत्त्व मांडले.

२/ १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी बहुवाहिनी कॉक्लिअर इम्प्लांट बसवले, तेही एकाच कानात.

३/ २०१४ पासून केंद्राच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या कर्णबधिर बालकांना ते मिळू लागले. समन्वय मुंबईच्या अली यावर जंग संस्थेकडे. मात्र एका बालकास एकच.

४/ दुसऱ्या कानात थोडी श्रवणशक्ती उरली असेल, तर साधे श्रवणयंत्रही साहाय्य करते. तीही नसेल, तर शांत खोलीत शब्द कळतो. रस्त्यावर मात्र हाकेची दिशा हरवते.