चुलवाणातला शहाणपणा

श्रोतेहो, मिरजेहून कोल्हापूरकडे येताना हातकणंगले स्टेशन लागतं. हा सारा मुलूख उसाचा आणि गुऱ्हाळांचा. गुऱ्हाळावरची जुनी रीत आठवा. रस काढून उरलेलं चिपाड वाळवायचं, तेच चुलवाणात सारायचं आणि त्या आचेवर काहिलीतला रस आटवायचा. उसाचा गूळ उसाच्याच जळणावर!

पुढे साखर कारखान्यांनी हीच रीत उचलली. चिपाडावर बॉयलर पेटले, वाफेवर वीज निघाली, मळीपासून मद्यार्क झाला. तो पेट्रोलमध्ये मिसळण्याचा कायदा १९४८ सालचा; पण इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प निघाले २००१ साली, त्यांतला एक आपल्या शेजारच्या मिरजेत. २०२२ साली देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर पोचलं.

यात फायदा कोणता? दगडी कोळसा आणि पेट्रोल जाळलं, की कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन हवेत येतो. उसातला कार्बन मात्र त्यानं हवेतूनच घेतलेला. पुढचं पीक तो पुन्हा घेतं. पण मंडळी, हिशेब पुरा मांडायला हवा. खत, पंप, ट्रॅक्टर यांनाही इंधन लागतं आणि ऊस पाणी फार पितो. २०२३ साली पाऊस कमी पडला, तेव्हा डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं. पुढे ते उठलं, पण प्रश्न उरलाच.

गुऱ्हाळात आधी गूळ, मग उरल्याचं जळण. गुरुजी, हा हिशेब मुलांना फळ्यावर जरूर मांडायला लावा.