मापात पाप कुणाचे?

खोपोलीच्या वीरेश्वराजवळ नाना फडणविसांनी बांधविलेला मोठा तलाव आहे. त्या पाण्याला माप नव्हते, म्हणून बिलही नव्हते. आमच्या कर्जत-खालापूरच्या मुलखात पाण्याचा हिशेब आला तो आधी वीजघरात. 1915 साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले, 1922 साली भिवपुरीचे. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी मोठ्या नळांतून खाली उतरते, यंत्रे फिरविते आणि मग खोपोलीचे पाताळगंगेला व भिवपुरीचे पेज नदीतून उल्हासला मिळते. पाण्याचे पैसे होतात, हे आमच्या कामगारांच्या बापजाद्यांनी तेथे पाहिले.

घरगुती पाण्याची गोष्ट निराळी. मुंबईला विहार तलावाचे पाणी 1860 साली मिळाले. नळाचे पाणी आले तरी घरोघर मोजमाप आले असे नव्हे. लंडनमध्ये घराच्या भाडेमूल्यावर पाणीपट्टी बसे. न्यूयॉर्कात इमारतीची रस्त्याकडील रुंदी पाहत. आपल्याकडे अनेक नगरपालिका आजही नळाच्या व्यासावर वर्षाची ठोक रक्कम घेतात. अर्धा इंची नळ म्हणजे अमुक रुपये. मग त्या नळावर दोन माणसे असोत की बारा. हा अन्याय दूर व्हावा म्हणून मीटर आला. आम्ही मीटरच्या विरुद्ध नाही. ज्याची बाग भिजते त्याने जास्त द्यावे, हे आम्हांस मान्यच आहे.

पण मीटर म्हणजे न्यायाधीश नव्हे. ते झिजणारे यंत्र आहे. भारतीय मानकाप्रमाणे 15 मिलिमीटरच्या ‘ब’ वर्गाच्या घरगुती मीटरने तासाला 30 लिटरपासून पुढचा प्रवाह मोजावा, आणि त्या मंद धारेत 5 टक्क्यांपर्यंत चूक क्षम्य धरली आहे. त्याहून बारीक धारेची हमी कोणी देत नाही. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक ठिबकत राहिला आणि तासाला 20 लिटर पाणी गेले, तर चोवीस तासांच्या पुरवठ्यात दिवसाचे 480 लिटर काट्याला न हलविता जाऊ शकतात. त्यात रेती अडकते, चक्र झिजते, आणि मीटर म्हातारा होईल तसे सहसा कमीच दाखवितो. उलट, तुटक पुरवठ्यात नळात हवा भरली म्हणजे तोच काटा हवेवर पळतो! हे गृहिणींना ठाऊक असते. अभियंत्यांना पटवावे लागते.

कमी नोंदले गेलेले पाणी जाते कोठे? नदीवरून उचललेल्या पाण्याचे पैसे पालिकेला भरावेच लागतात. घरांतून तेवढी वसुली झाली नाही की तूट दरवाढीत शिरते, आणि ज्याचा मीटर नवा व खरा आहे तो दुसऱ्याचे पाणी भरतो. किंवा दुसरा मार्ग: बंद मीटरवर मागच्या नोंदींची सरासरी लावावयाची आणि नवा मीटर बसताच त्याच्या आकड्याने जुन्या वर्षांची थकबाकी काढावयाची. खरा तंटा येथे आहे. विजेच्या बाबतीत महाराष्ट्रात 2005 च्या नियमावलीने मर्यादा घातली: मीटर सदोष निघाला तर तंट्याच्या आधीच्या फार तर तीन महिन्यांचे बिल दुरुस्त करावे. पाण्याचे नियम मात्र गावोगावचे वेगळे. जे संरक्षण दिव्याला, ते घागरीला का नसावे?

कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देताना घरोघर मीटर बसविले आणि वापर वाढेल तसा चढता दर ठेवला. ती दिशा आम्हांस योग्य वाटते. कारण तेथे पाणी आधी दिले, आकडा मागून मागितला.

एका चाळीतील बावीस बिऱ्हाडांचे प्रकरण आमच्याकडे आले होते. समाईक मीटर बंद पडल्याचे वाचकाने वहीत स्वतः लिहिले होते. तरी तो बदलण्यास चार वर्षे लागली आणि चारही वर्षांची अंदाजी थकबाकी एका कागदावर आली. काढलेला जुना मीटर तपासून दाखवा, एवढीच आमची मागणी. अखेर तीन हप्त्यांची सवलत मिळाली. मीटर दाखविला गेला नाही. तपासणीची फी मात्र चाळकऱ्यांकडून आधीच भरून घेतली होती.