स्नोची डबी विकत घ्यावी काय? चेहऱ्याच्या क्रीमचा अठराशे वर्षांचा प्रवास

नटण्यामुरडण्यासाठी मराठीत एक जोडशब्द रूढ झाला: स्नो-पावडर. त्यातला ‘स्नो’ म्हणजे चेहऱ्याला लावायचे पांढरेशुभ्र क्रीम. आजीच्या आरशापुढची ती डबी, तिच्या शेजारची कोल्ड क्रीमची बाटली आणि बोरोलीनची हिरवी ट्यूब ही नावे आजही थंडी पडली की आठवतात. दुकानात मात्र त्यांच्या बाजूला कितीतरी पट महाग अशी नवी मॉइश्चरायझर मांडलेली असतात. मग प्रश्न पडतो, की जुन्या नावावर पैसे खर्च करावेत काय? याचे उत्तर जाहिरातीपेक्षा इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. कारण या डब्यांतला प्रत्येक घटक कोणत्या ना कोणत्या अडचणीवरचा तोडगा म्हणून आला आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये राहिलेला ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने एक मलम प्रसिद्ध आहे. मधमाश्यांचे मेण तेलात वितळवायचे आणि त्यात मावेल तितके गुलाबजल घोटायचे. त्वचेवर पसरल्यावर त्यातले पाणी उडून जाई. बाष्पीभवनाला लागणारा अप्रकट उष्मा ते पाणी त्वचेकडूनच घेई, म्हणून गार वाटे. ‘कोल्ड क्रीम’ हे नाव या गारव्यावरूनच पडले. परंतु तेल आणि पाणी फार दिवस एकत्र नांदत नसत. मलम फाटे, तेल खवट होई आणि ते पुन्हा ताजे घोटावे लागे. एकोणिसाव्या शतकात त्यात टाकणखार पडू लागला. मेणातील आम्लांशी त्याचा संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते, त्यामुळे मिश्रण टिकते.

त्याच शतकात लवकर खवट न होणारे स्निग्ध पदार्थही हाती आले. १८७२ मध्ये रॉबर्ट चेसब्रो यांनी अमेरिकेत व्हॅसलीनचे, म्हणजे पेट्रोलियम जेलीचे पेटंट घेतले. १८८२ मध्ये ऑस्कर लीब्राइख आणि ओटो ब्राउन यांनी जर्मनीत लोकरीच्या मेदापासून लॅनोलिन तयार केले. पुढे इसाक लिफ्शुट्झ यांनी लोकरीच्या मेदातूनच युसेरिट हा घटक वेगळा केला. तेलात भरपूर पाणी धरून ठेवण्याची शक्ती त्यात होती. त्याच्याच आधारे हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने १९११ च्या डिसेंबरात निव्हिया क्रीम बाजारात आणले. या क्रीममध्ये तेल बाहेर आणि पाण्याचे थेंब आत असतात, म्हणून ते जड आणि तेलकट लागते.

‘स्नो’ची रचना याच्या नेमकी उलट आहे. लंडनच्या बरोज वेलकम कंपनीच्या हेझलीन स्नोपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती लोकप्रिय झाली. तीत पाणी बाहेर असते आणि स्टिअरिक आम्लाचे सूक्ष्म कण आत. हे कण सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून क्रीम हिमासारखे शुभ्र दिसते. चोळल्यावर पाणी उडते. स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्वचेवर ते घनरूपच राहते आणि त्याचा तेलकट नसलेला अतिशय पातळ थर उरतो. क्रीम जणू अदृश्य होते. ‘व्हॅनिशिंग क्रीम’ हे त्याचे दुसरे नाव यावरूनच आले.

भारतात हे दोन्ही प्रवाह स्वदेशीच्या काळात रुजले. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास अफगाण स्नो आणले. अफगाणिस्तानच्या राजाला हे क्रीम आपल्या देशातल्या बर्फासारखे वाटले, अशी त्या नावामागची कथा सांगितली जाते. १९२९ मध्ये कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन सुरू केले. बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन हे त्याचे मुख्य घटक. पहिले क्रीम दमट हवेत पावडरीखाली लावण्याजोगे होते, तर दुसरे उललेल्या ओठांचे आणि किरकोळ जखमांचे मलम होते. विदेशी मालाला पर्याय उभा करणे हे मोठेच काम होते. परंतु त्यावरून क्रीमची परिणामकारकता सिद्ध होत नाही.

ती मोजण्याचा पाया १९५२ मध्ये घातला गेला. बोस्टनमधील संशोधक अर्विन ब्लँक यांनी पायाच्या घट्ट्यांचे कोरडे तुकडे तेलात ठेवले, तेव्हा ते कडकच राहिले. पाणी मिळताच मात्र ते मऊ झाले. त्वचेचा मऊपणा तेलावर अवलंबून नसून बाहेरच्या मृत पेशींच्या थरातील पाण्यावर असतो, हे यातून स्पष्ट झाले. तेलकट क्रीम त्वचेचे ‘पोषण’ करत नाही. ते पाण्याची वाट अडवते. पुढे पीटर एलियास यांनी या थराची तुलना विटांच्या भिंतीशी केली. पेशी म्हणजे विटा. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले म्हणजे त्यांमधला गिलावा. १९९२ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले, की साधी पेट्रोलियम जेली या गिलाव्याच्या जागेत शिरते आणि भिंतीच्या दुरुस्तीत अडथळाही आणत नाही.

मग सरकारी मानके काय तपासतात? १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने आली. भारतीय मानक ब्यूरोचे त्वचा-क्रीमविषयक मानक आयएस ६६०८ हे उष्णतेत क्रीम टिकते का, त्याचा सामू ४ ते ९ च्या दरम्यान आहे का, शिसे-आर्सेनिकासारखे विषारी घटक मर्यादेत आहेत का, हे पाहते. क्रीम त्वचेत किती पाणी टिकवते, याची चाचणी त्यात नाही. म्हणजे मानकचिन्हावरून सुरक्षिततेची खात्री मिळते. उपयोग मात्र ग्राहकालाच जोखावा लागतो.

त्यासाठी डबीवरची घटकांची यादी पुरेशी आहे. १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिणे नियमाने बंधनकारक आहे. अगदी लहान डब्यांना तेवढी सूट आहे. पेट्रोलियम जेली, खनिज तेल, लॅनोलिन आणि पाणी ओढून घेणारे ग्लिसरीन ही नावे वरच्या क्रमांकांत असतील, तर ते जुने क्रीम नागपूरच्या वा दिल्लीच्या कोरड्या थंडीत आजही घेण्याजोगे आहे. अंघोळीनंतर ओलसर त्वचेवर लावले तर ते अधिक उपयोगी पडते. मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत, तेलकट त्वचेला स्नो सुखद वाटेल. परंतु कोरड्या त्वचेला त्याचा पातळ थर अपुरा पडतो. लॅनोलिनची वा सुगंधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी यादी अधिक काळजीपूर्वक वाचावी. बोरिक आम्ल असलेले मलम रोजच्या मॉइश्चरायझरसारखे वापरू नये आणि तान्ह्या मुलांच्या सोललेल्या त्वचेला तर मुळीच लावू नये. गेल्या शतकात अशा वापरातून विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

सेरामाइडची नवी क्रीमे खोटी नाहीत. काहींच्या त्वचेला ती खरोखर मानवतात. पण वसतिगृहात राहणाऱ्या, महिन्याचा खर्च मोजून करणाऱ्या विद्यार्थ्याने महागडी बाटली परवडत नाही म्हणून खंतावण्याचे कारण नाही. कोकणात उललेल्या टाचांवर आणि ओठांवर कोकमतेल लावतात. त्या तेलातही स्टिअरिक आम्ल भरपूर असते, आणि त्याचे काम तेच: पाणी अडवणे. डबीवरचे नाव जुने असो वा नवे, पैसे त्या कामासाठी मोजावेत.