हाली रुपया आणि आपल्या घरची चांदी

पणजीचे वाळे किंवा तोडे मोडावयास नेले की "यात हीण फार आहे" असे सराफ सांगतो, आणि तरुण मंडळी दागिना घडविणाऱ्या सोनाराला बोल लावीत घरी परततात. तो सोनार पुष्कळदा आपल्याच ज्ञातीचा, कधी कधी आपल्याच कुळातील असतो. म्हणून या आरोपाची शहानिशा होणे अगत्याचे आहे.

शुद्ध चांदी मऊ असते. ती लवकर झिजते व वाकते. तिला बळकटी यावी म्हणून तांबे मिसळावे लागते. यालाच आपल्या धंद्यात हीण म्हणतात. शब्द वाईट, पण कृती आवश्यक. टांकसाळीतही रुपयाच्या चांदीत असेच हीण घालीत असत. पूर्वी खेड्यातील गिऱ्हाईक पुष्कळदा साठविलेले रुपयेच सोनारापुढे ठेवी. मुशीत टाकणखार घालून त्यांचा रस केला, की रुपयाचा कस तोच दागिन्याचा कस होई.

आपला धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे हाली सिक्का चाले. हाली म्हणजे चालू. 1903-04 पासून या रुपयावर चारमिनारचे चित्र होते. मात्र शेजारच्या बार्शी-सोलापुरास इंग्रजी अंमल असल्यामुळे तिकडे कलदार रुपया लागे. सात हालीस सहा कलदार, हा हिशेब वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. हा दर केवळ सरकारी लहरीचा नव्हता. कलदाराचे वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम. हाली रुपया 11.18 ग्रॅमचा व हजारी 818 कसाचा. त्यात चांदी 9.14 ग्रॅम. सात हालींत 64 ग्रॅम चांदी भरते, सहा कलदारांत त्याहून किंचित अधिक. इतका चोख मेळ पाहून गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास आनंद वाटल्यावाचून राहत नाही.

तात्पर्य, हालीचे तोडे 818 कसाचे आणि कलदाराचे 916 कसाचे. आजचा दुकानदार 925 चा गज लावून पाहतो, तेव्हा हालीच्या दागिन्यात दहावा हिस्सा कमी दिसणारच. ती तूट टांकसाळीची आहे. भारतीय मानक ब्युरोने तर 800 व 835 हे कसही मान्य केलेले आहेत. सर्वच सोनार धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणत नाही; शिवाय साखळीसारख्या पुष्कळ सांध्यांच्या दागिन्यात डाकामुळे कस आणखी उतरतो. परंतु तोलून-मापून पाहिल्याखेरीज पूर्वजांस चोर ठरविणे अन्यायाचे होय.

खरा घोटाळा दुसऱ्या महायुद्धाने केला. 1940 पासून कलदारात चांदी निम्मीच राहिली. उरलेल्यात 40 टक्के तांबे, 5 टक्के निकेल व 5 टक्के जस्त. युद्धकाळातच हालीची चांदीही निम्म्यावर आली. अशा रुपयांचा दागिना तापवून तेजाबात किंवा चिंचेच्या पाण्यात उजळला, की वरवरचे तांबे निघून जाई व तो पांढराशुभ्र दिसे. वापरून झिजला म्हणजे आतली लाली डोकावू लागे. 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा, लोहचुंबकास चिकटणारा. जर्मन सिल्व्हरची गोष्ट निराळी. तांबे, निकेल व जस्त यांच्या त्या मिश्रणात नावापुरतीही चांदी नसते, आणि सारख्याच आकाराची वस्तू चांदीहून हलकी भरते.

1951 साली हाली रुपया काढणे थांबले आणि 1959 साली तो चलनातून रद्द झाला. ज्यांच्या घरी रुपयांना कड्या डाकून केलेली माळ अद्याप आहे, त्यांनी ती मोडण्यापूर्वी उलटून पाहावी. चारमिनार आहे की इंग्रज बादशहाचा मुखवटा, हे पाहावे व सालही वाचावे. बादशहाच्या रुपयावर साल 1940 किंवा त्यापुढचे, पण 1947 च्या आधीचे असेल, तर चांदी निम्मीच धरावी.