झालेला विषय

व्याख्यानमालेचे कार्यक्रमपत्रक छापून हाती आले, की आम्हां श्रोत्यांत एक गोष्ट न चुकता घडते. कोणीतरी पत्रकावरून बोट फिरवीत खाली येतो, एका ओळीवर थांबतो आणि म्हणतो, "हा विषय झालेला आहे." मग त्याला साल आठवते, वक्त्याचे नाव आठवते, त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस येऊन मांडव गळू लागला होता हेही आठवते. वक्ता काय बोलला, ते मात्र या गृहस्थांना क्वचितच आठवते. व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला उठलेल्या एखाद्या मुलालाही हाच अनुभव येतो. "यावर मागेच चर्चा झाली आहे," असे पुढच्या रांगेतून उत्तर येते. मुलगा खाली बसतो, आणि पुढच्या वर्षी बहुधा येत नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे महाराष्ट्रात व वऱ्हाडात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत शिवछत्रपतींवर, ज्ञानदेवांवर, शेतीच्या प्रश्नावर किती व्याख्याने झाली असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. पुनरावृत्तीचा कंटाळा येतो हे खरे आहे. त्याबद्दल श्रोत्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु झालेला विषय पुन्हा काढावा की नाही, हा प्रश्न आपल्या देशात आजचा नव्हे. त्यावर शास्त्रे झाली आहेत. आणि त्या इतिहासाचा एक मोठा दुवा आमच्या या वाशीम गावाशी येऊन पोहोचतो, म्हणून तो आज सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम वादशास्त्राकडे पाहू. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या अखेरीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे वादात पकडला जाण्याची जागा. तेथे सापडला तो हरला. अशी बावीस स्थाने आहेत आणि त्यांत 'पुनरुक्त' हे एक आहे. तोच शब्द किंवा तोच अर्थ पुन्हा बोलणारा तेथे पकडला जातो. येथवर ऐकून आमचे पत्रकावर बोट ठेवणारे मित्र संतुष्ट होतील. पण सूत्रकाराने त्याच वाक्यात एक अपवाद ठेवला आहे, तो 'अनुवादा'चा. आज आपण अनुवाद म्हणजे भाषांतर समजतो. शास्त्रातला अनुवाद निराळा: आधी सांगितलेले काही हेतूने पुन्हा सांगणे. घाईच्या वेळी आपण "चल, चल" म्हणतो, तेव्हा दुसरे 'चल' फुकट जात नाही. त्याने पहिल्याला वेग येतो. न्यायसूत्रांत दिलेला दाखला जवळजवळ असाच आहे. तेव्हा शास्त्राचा आक्षेप पुन्हा बोलण्यावर नसून निष्कारण पुन्हा बोलण्यावर आहे.

याच यादीत आणखी दोन स्थाने आहेत, ती सहसा कोणी सांगत नाही. एकाचे नाव 'अननुभाषण'. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा मांडले, सभेला ते समजले, आणि तरीही ज्याला ते उलट बोलून दाखवता आले नाही, तो हरला. म्हणजे ज्या शास्त्राने निष्कारण पुनरुक्तीला दोष मानले, त्यानेच दुसऱ्याचे म्हणणे पुन्हा सांगता न येणे हाही दोष मानला. दुसऱ्या स्थानाचे नाव जरा अवघड आहे: 'निरनुयोज्यानुयोग'. जेथे दोष नाही तेथे दोष लावणे, असा त्याचा अर्थ. समोरचा माणूस पकडला गेलेला नसताना "पकडला, पकडला" म्हणून ओरडणारा स्वतःच पकडला जातो. झालेल्या विषयाची नोंदवही बाळगणाऱ्यांनी हे स्थान त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. अशा वह्या वाईट नसतात. "मागे अमक्यांनी या प्रश्नाचे असे उत्तर दिले होते, आणि अमुक भाग तेव्हा राहून गेला," असे जो सांगतो, तो त्या मुलाच्या हाती काही तरी देतो. नुसते साल सांगणारा दार लावून घेतो.

आणखी एक गोष्ट. हे बावीस डाव सगळीकडे खेळायचे नसतात. शास्त्राने बोलण्याचे तीन प्रकार केले: वाद, जल्प आणि वितंडा. जल्पात आणि वितंडेत जिंकायचे असते. वाद मात्र गुरुशिष्यांत, सहाध्यायांत चालतो आणि त्यात खरे काय ते शोधायचे असते. त्या वादात थोडीच निग्रहस्थाने उपस्थित करावीत असे ठरले. न्यून, अधिक आणि हेत्वाभास, एवढी भाष्यकार वात्स्यायनाने मोजली आहेत. त्या मोजणीत पुनरुक्ताचे नाव नाही. शिकणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा विचारण्याची मुभा होती, असे आम्ही यावरून समजतो.

आता काव्याकडे वळू, कारण वाशीमचा संबंध तेथे येतो. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास होऊन गेलेला राजशेखर हा कवी कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी होता; पण त्याचे घराणे इकडचे, आणि आपल्या पणजोबांना तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो. त्याने 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची एक कथा आहे. ती वधू काव्यपुरुषाच्या मागोमाग देशोदेशी हिंडते, आणि अखेर त्यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागतो. शब्द आणि अर्थ यांचे लग्न कोठे लागले असे कोणी विचारले, तर वाशीमकरांनी संकोच न करता आपल्या गावाचे नाव सांगावे. हजार वर्षांपूर्वीचा लेखी आधार आहे.

ज्या ग्रंथात हे लग्न आहे, त्याच ग्रंथात पुढे तीन अध्याय 'हरण' या विषयावर आहेत. हरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याची कल्पना घेणे. राजशेखराने तेथे चक्क वकिली केली आहे. जुन्या कवींनी सगळ्या वाटा तुडवून टाकल्या, न शिवलेली वस्तू आता मिळणे कठीण, तेव्हा जुन्यालाच संस्कार द्यावा, असा एक पक्ष तो मांडतो. त्याला वाक्पतिराजाचे उत्तर देतो की सृष्टीच्या आरंभापासून कवी रोज वाणीच्या भांडारातून नेत आहेत, तरी त्या भांडारावरची मोहोर अजून फुटलेली नाही. राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी ही स्वतः विदुषी होती, आणि तिचे मत तो नावानिशी देतो. दुसऱ्याचे घेताना कवी मनाशी कोणकोणत्या सबबी सांगतात, त्या तिने एकामागून एक दिल्या आहेत: तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. हे वाचताना बाई गंभीर आहेत की हसताहेत, असा प्रश्न पडतो. आम्हांला वाटते, हसताहेत. राजशेखर स्वतः तर असे म्हणून मोकळा होतो की चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही.

पण या थट्टेखाली त्याने काटेकोर मोजमाप केले आहे. जुन्या अर्थाशी नव्याचे साम्य किती प्रकारचे असते? आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, दोन माणसांच्या सारख्या शरीरांसारखे. चौथा प्रकार परक्या नगरात प्रवेश केल्यासारखा. पहिले तीन प्रकार त्याच्या आधी काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सांगितले होते. राजशेखराने त्यांवर चौथा चढवला. पुनरावृत्तीवरचे हे प्रकरणच झालेल्या विषयावर लिहिलेले आहे, ही मौज लक्षात घेण्यासारखी आहे. आनंदवर्धनाचा निकाल असा, की प्रतिबिंब टाकावे, कारण त्याला स्वतःचा जीव नाही, चित्रही टाकावे, पण दोन माणसांचे चेहरे सारखे असले म्हणून दुसऱ्याला कोणी माणूस म्हणायचे सोडत नाही. त्याने आणखी एक दृष्टान्त दिला आहे, तो वसंतातल्या झाडांचा. झाडे तीच असतात, पूर्वी पाहिलेली असतात, आणि चैत्रात नवी दिसतात; रसाच्या योगाने जुने अर्थही तसेच नवे दिसतात. वसंत व्याख्यानमालेच्या चालकांना यापेक्षा चांगला साक्षीदार मिळायचा नाही.

याच आनंदवर्धनाने वत्सगुल्माच्या एका राजाचे नाव घेतले आहे. वाकाटक प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात वत्सगुल्म येथे आपली शाखा स्थापन केली. तो प्राकृत कवी होता आणि त्याने 'हरिविजय' नावाचे काव्य रचले. विषय कोणता, तर पारिजातहरणाचा. सत्यभामेचा रुसवा, कृष्णाने स्वर्गातून झाड आणणे, ही कथा तेव्हाही जुनीच होती. "हा विषय झालेला आहे," असे म्हणणारे वत्सगुल्माच्या सभेतही असतील. राजाच काव्य वाचत असल्यामुळे ते गप्प बसले असतील इतकेच. परंपरेने आलेल्या कथेत रसाला न मानवणारा भाग असेल तर तो सोडावा आणि योग्य असा नवा भाग कल्पून घ्यावा, हा नियम सांगताना आनंदवर्धन तीन दाखले देतो: कालिदासाची काव्ये, सर्वसेनाचा 'हरिविजय' आणि स्वतःचे 'अर्जुनचरित'. पुढे कुंतकानेही सुकुमार मार्गाच्या कवींत कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाला बसवले. जुना विषय पुन्हा काढणाऱ्या वाशीमच्या माणसाला हे स्थान मिळाले.

असे असूनही कवी सर्वसेन हाच वत्सगुल्माचा राजा, हे विद्वानांना फार उशिरा कळले. याची हकीकत इतिहास संशोधनातली आहे आणि आमच्या प्रश्नाला ती सर्वांत जवळची आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण वाकाटकाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यात राजांची वंशावळ आहे. लेख बाहेरच्या बाजूस असल्याने झिजलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी तो वाचला. मग ब्यूलरने त्याचे संपादन केले, ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. ब्यूलर हा मोठा पंडित. त्याने वाचलेला लेख म्हणजे वाचून झालेला लेख, असे मानण्यात कोणाची चूक नव्हती. मात्र वाकाटकांची वत्सगुल्म शाखा म्हणून काही होती, याचा तेव्हा पत्ताच नव्हता, आणि अजिंठ्याच्या त्या ओळीत सर्वसेनाचे नाव असूनही ते ओळखले गेले नव्हते.

१९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा मुख्य भाग प्राकृतात. गाव दिले ते नांदीकड, म्हणजे नांदेड, या भागातले. त्या पत्र्यावर सर्वसेनाचे नाव स्वच्छ आले. तेव्हा नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी पुन्हा अजिंठ्याच्या लेखाकडे वळले. वाचून झालेला लेख त्यांनी पुन्हा वाचला, आणि १९४१ साली त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. अठ्ठावन्न वर्षांनी त्या ओळीत वत्सगुल्माचे घराणे दिसू लागले.

मिराशींनी हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. आपल्या आधी कोणी काय वाचले हे त्यांनी प्रथम मांडले, ते कोठे पटत नाही ते सांगितले, आणि मग ताम्रपटाचा पुरावा पुढे ठेवला. गौतमाच्या भाषेत हा अनुवाद होता, पुनरुक्त नव्हे. नव्याने विषय काढणाऱ्यावर एवढी जबाबदारी टाकणे योग्यच आहे: आधी झाले ते माहीत करून घ्या. पण ही अट प्राध्यापकाला लावायची. व्याख्यान ऐकून प्रथमच हात वर करणाऱ्या शाळकरी मुलाला ती लावू नये. त्याला माहीत करून देणे हे पुढच्या रांगेचे काम आहे. १९९८ साली अकोल्यापासून निराळा होऊन वाशीम जिल्हा झाला. आज या जिल्ह्यातल्या किती मुलांना सर्वसेनाचे नाव ऐकून माहीत असेल? आमच्या पिढीपुरता हा विषय झाला असेल, त्यांच्यापुरता तो अजून सुरूही झालेला नाही.

'हरिविजय' हे काव्य आज उपलब्ध नाही. त्याची एकही संपूर्ण पोथी हाती लागलेली नाही. आपल्याकडे उरली आहेत ती त्यातली सुटी पद्ये, आणि ती उरली याचे कारण असे की भोजासारख्या अलंकारशास्त्रज्ञांनी ती आपापल्या ग्रंथांत उदाहरणे म्हणून उतरून घेतली. काव्य मागे पडत गेले तरी शास्त्रकार त्यातले दाखले देत राहिले. पारिजाताची कथा वाशीमच्या राजाने कशी सांगितली, याचा माग आज त्या उताऱ्यांतूनच काढावा लागतो.